अंदाजपंचे बंदुकीचा नेम

बंदुकांच्या जातीत शॉटगन ही अंदाजपंचे दाहोदरसे पंथाची. तिच्या काडतुसात एक गोळी नसते, छर्रे असतात. मोठे असले तर आठ-नऊ, बारीक असले तर काही शे. नळीतून सुटले की ते पसरत जातात. उडत्या पाखराच्या थोडं पुढे नळी फिरवायची, चाप ओढायचा, आणि त्यातले चार-दोन तरी त्याला गाठतील असा भरवसा ठेवायचा. म्हणून तिच्या टोकाला नुसता एक पितळी मणी असतो. मागे काहीच नाही. आपल्याकडे बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या रखवालदाराची दुनळी बाराबोअर आठवून पाहा, तिच्याही टोकाला तो मणीच. या बाराबोअरची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यातही तयार होतात, हे पुण्यात निम्मं आयुष्य काढलेल्या अनेकांना ठाऊक नसतं. खडकी म्हटलं की त्यांना आधी लोकलच आठवते.

तर अशा या बेहिशेबी बंदुकीवर रायफलीसारखी पुढे माशी आणि मागे खाच बसवलेली पहिल्यांदा पाहिली, तेव्हा सोवळ्यातल्या माणसाने हेल्मेट घातल्यासारखं वाटलं. दोन्ही वस्तू आपापल्या जागी रास्त, पण एकत्र पाहायची डोळ्यांना सवय नव्हती.

ही बंदूक आमच्या शेजाऱ्याची. खरं तर त्याच्या वडिलांची. मी राहतो न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळपास, जिथे वाणसामानाच्या दुकानात मराठी ऐकू येतं आणि भाजणीचं पीठ मिळतं. याच राज्यात हरणंही भरपूर, हे नवख्या माणसाला खरं वाटत नाही. ती अंगणातली ट्युलिप खातात, महामार्गावर गाडीपुढे येतात. पण त्यांची शिकार रायफलीने करायला इथे बंदी आहे. मॅसॅच्युसेट्समध्येही तेच. इलिनॉय, आयोवा, इंडियाना, ओहायो या सपाट, शेतीच्या राज्यांनी कितीतरी वर्षं हाच नियम पाळला आणि अलीकडच्या काळात तो थोडाथोडा सैल केला. कारण उघड आहे. रायफलीची गोळी हुकली तर मैल-दोन मैल जाऊ शकते, आणि मैल-दोन मैलांवर कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं. शॉटगनमधून एकच जाडजूड शिशाचा गोळा, म्हणजे स्लग, झाडला तर तो लवकर दमतो आणि खाली येतो.

निदान समजूत अशी. २००७ साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या एका समितीसाठी याचा अभ्यास झाला. जमिनीला समांतर झाडलेला स्लग जमिनीवर आपटून उसळतो, आणि हे उसळणं धरलं तर तो रायफलीच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो, असं त्यात निघालं. समित्यांचे अहवाल हे असेच गैरसोयीचे असतात. कायदे त्यामुळे लगेच बदलत नाहीत, हेही आपल्याला नवीन नाही.

असो. एकच गोळा झाडायचा म्हटल्यावर रोख पुरत नाही, नेम लागतो. इथेच मण्याचं राज्य संपतं. इथाका नावाच्या अमेरिकन कंपनीने १९५९ साली 'डिअरस्लेयर' ही पंप-ॲक्शन शॉटगन मुद्दाम स्लगसाठी काढली आणि तिच्यावर रायफलीसारखी माशी-खाच दिली. मग रेमिंग्टन, मॉसबर्ग सगळेच त्या वाटेने गेले. न्यू जर्सीत तर आता स्लगने हरीण मारायचं असेल, तर बंदुकीवर सरकवता येणारी माशी-खाच किंवा दुर्बीण असलीच पाहिजे असा नियम आहे. अंदाजपंचे पंथाला सरकारनेच दीक्षा दिली म्हणायची.

शेजाऱ्याचे वडील गेले आणि तळघरातल्या कपाटात ही बंदूक निघाली. पोलिसी कागदपत्रांचं सगळं रीतसर झालं. मग ही नेमकी कोणती बंदूक, हे शोधायला त्याने मला बोलावलं. माझी पात्रता इतकीच, की मी इंजिनिअर आहे. अमेरिकेत काय आणि साताऱ्यात काय, इंजिनिअर म्हटला की त्याला मिक्सरपासून मोक्षापर्यंत सगळं दुरुस्त करता येतं अशी लोकांची श्रद्धा असते. बायको म्हणाली, "अहो, लांबूनच बघा हं. आणि हात लावलात तर आधी ती रिकामी आहे का विचारा."

ते विचारायचं नसतं, बघायचं असतं. पंप-ॲक्शनमध्ये नळीखाली दुसरी एक नळी असते, काडतुसं त्यात एकामागे एक झोपलेली असतात. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं टरफल बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं काडतूस आत जाऊन बसतं. त्यामुळे नुसतं वरचं घर उघडून भागत नाही, खालच्या नळीतही बोट घालून चाचपावं लागतं. शेजाऱ्याने दोन्ही पाहिलं, मग मी पाहिलं, मग त्याने पुन्हा पाहिलं.

नळीवर लिहिलं होतं 'वेस्टर्न फील्ड'. या नावाचा बंदुकांचा कारखाना अमेरिकेत कधीच नव्हता. माँटगोमेरी वॉर्ड हे शिकागोचं, १८७२ साली निघालेलं, टपालाने माल विकणारं दुकान, त्याचा हा छाप. त्या काळी कॅटलॉगमधून शर्ट मागवावा तशी बंदूक मागवता यायची आणि ती पोस्टाने घरी यायची. १९६८ च्या कायद्याने ते बंद झालं. त्याच कायद्यानंतर प्रत्येक बंदुकीवर क्रमांक घालणं सक्तीचं झालं. त्याआधीच्या कितीतरी स्वस्त शॉटगनांवर क्रमांकच नाही. अशी बिनआकड्याची बंदूक हाती आली की लोक घाबरतात, कुणीतरी आकडा घासून काढला असेल म्हणून. पुष्कळदा तो मुळातच नसतो.

दुकानांच्या छापांची ही दुनिया फार गमतीची आहे. सिअर्स हे दुसरं मोठं दुकान, त्यांच्या बंदुकांवर 'जे. सी. हिगिन्स' हे नाव असे. हे हिगिन्स म्हणजे कुणी नामांकित शिकारी असावेत अशी गिऱ्हाइकाची समजूत. प्रत्यक्षात जॉन हिगिन्स हे सिअर्सच्या हिशेब खात्यातले गृहस्थ, १८९८ च्या सुमारास नोकरीला लागलेले आणि १९३० साली निवृत्त झालेले. मधलं 'सी' तर त्यांच्या नावात नव्हतंच, ते कंपनीने शोभेला घातलं. हिशेबनिसाच्या नावाने लाखो लोकांनी ससे मारले, ही माझ्या मते अमेरिकन व्यापाराच्या इतिहासातली अत्यंत गोड गोष्ट आहे. आणि ती बंदूक सिअर्स तरी कुठे बनवत होतं? ती पुष्कळदा बनायची हाय स्टँडर्डच्या कारखान्यात.

म्हणजे नावावर जायचं नाही, अंगावरच्या खुणा पाहायच्या. सुरक्षेची कळ चापाच्या मागे आडवी असेल तर रेमिंग्टन ८७० चा संशय घ्यायचा. पाठीवर, अंगठ्याखाली येईल अशी असेल तर मॉसबर्ग. टरफल कुशीतून न पडता पोटातून पडत असेल तर इथाका ३७. वर घोडा उघडा दिसत असेल तर जॉन ब्राउनिंगची विंचेस्टर १८९७ असू शकते. मग आवाज खाली आणायचा आणि जाणकाराला फोन करायचा. रेमिंग्टनच्या नळीवर तर महिन्याचीही अक्षरं असतात. इंग्रजीत 'ब्लॅकपावडर' लिहून पुढे एक्स जोडला की बारा वेगवेगळी अक्षरं होतात, बी म्हणजे जानेवारी आणि एक्स म्हणजे डिसेंबर. एवढी सुटसुटीत जन्मपत्रिका आमच्याकडे माणसांचीही नसते.

शेजाऱ्याच्या बंदुकीची कळ पाठीवर होती. पुढे 'एम ५५०' असा मजकूर. म्हणजे ही कनेक्टिकटच्या मॉसबर्गची ५००, वॉर्डच्या दुकानी वेषात. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. या बंदुकांची नळी एक पेच काढला की सुटते आणि दुसरी बसते. बदकांसाठी लांब आणि मण्याची, हरणांसाठी आखूड आणि माशी-खाचेची. या बंदुकीच्या नळीचा रंग बाकीच्या अंगापेक्षा गडद होता, म्हणजे म्हाताऱ्याने ती नंतर घेतली असणार. बारा गेजची, आतून गुळगुळीत. बारा गेज म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक जिच्यात नेमका बसेल ती नळी, सुमारे साडेअठरा मिलिमीटरची. म्हणून वीस गेज बारापेक्षा लहान. हे उलटं गणित शेजाऱ्यालाही आयुष्यभर खटकत होतं, असं त्याने हळूच सांगितलं.

मग नेम जुळवणं. त्यासाठी एका शनिवारी रेंजवर गेलो. मी वही आणि दुर्बीण घेऊन, तो बंदूक आणि स्लगच्या दोन खोक्यांसह. रेंजवर शिस्त फार कडक. लोक लक्ष्याचे कागद बदलायला पुढे गेले की सगळ्या बंदुका उघड्या, रिकाम्या, आणि कुणी त्यांना हातही लावायचा नाही. सल्ल्यांवर मात्र असा काही निर्बंध नाही. बाकावर वाळूच्या पिशव्या मांडून होत नाहीत तोच तीन निवृत्त गृहस्थ जमले आणि त्यांनी चार मतं दिली. मला एकदम सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटलं.

त्यातला एक मात्र खरा जाणता होता. त्याने सांगितलं, आधी पंचवीस यार्डांवर झाड, कागदावर कुठेतरी लागतंय हे तर कळू दे. मग पन्नासवर जा. आणि एका भोकावरून खाच हलवू नकोस, तीन झाड आणि तिघांचा मध्य काढ. आतून गुळगुळीत नळीतून सुटलेला स्लग पन्नास यार्डांवर तीन-चार इंचांत पडला तरी तो गुणी म्हणायचा. हे साधे फॉस्टर स्लग, कार्ल फॉस्टर नावाच्या माणसाने १९३१ च्या सुमारास काढलेले, पुढे जड आणि मागे पोकळ. वजन एक औंस, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. त्यांच्या अंगावर तिरक्या चरा असतात आणि त्यामुळे स्लग गरगर फिरतो असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्या चरांचा उपयोग मुख्यतः नळीच्या निमुळत्या तोंडातून निघताना दबायला. तो सरळ जातो ते डोकं जड असल्यामुळे.

तीन गोळ्या पन्नास यार्डांवर चार इंच उजवीकडे गेल्या. आता खाच कुठे सरकवायची? नियम सोपा. मागची खाच गोळी जिकडे न्यायची तिकडे, पुढची माशी त्याच्या उलट. तरी त्या तिघा गृहस्थांत यावरून जुंपलीच. मी तोवर वहीत हिशेब करून घेतला. माशी आणि खाच यांत अंतर अठरा इंच. पन्नास यार्ड म्हणजे अठराशे इंच. म्हणजे शंभरास एक. चार इंचांची चूक काढायला खाच एक मिलिमीटरच सरकवायची. एवढं स्वच्छ उत्तर मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत क्वचित मिळालं असेल. शेजाऱ्याने लहान पेचकसाने ती डावीकडे नेली, आणि पुढच्या तीन मध्याला धरून पडल्या.

त्याच्या पुढच्या तीन मात्र खाली. खाच हलली नव्हती, हलला होता खांदा. बारा गेजचा स्लग हरणाच्या नेहमीच्या रायफलीपेक्षा जोराने दणका देतो, आणि माणसाचं शरीर मोठं हुशार, चाप ओढायच्या आधीच ते डोळे मिटून आक्रसून घेतं. जाणत्या गृहस्थाने काडतुसांत एक फुसकं काडतूस गुपचूप मिसळून दिलं. शेजाऱ्याने चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि नळीचं तोंड सगळ्यांसमोर खाली वाकलं. वाद संपला. पाच मिनिटं थांबून, खांद्यावर जाड पट्टी घालून त्याने पुन्हा तीन झाडल्या, त्या ठीक गेल्या. मग तो थांबला. माझ्या मते दिवसभरातला तोच त्याचा उत्तम निर्णय.

दुसऱ्या खोक्यातले स्लग वेगळ्या कंपनीचे होते. ते त्याच नेमावर अडीच इंच वर लागले. म्हणजे 'नेम जुळला' असं म्हणायला बंदुकीइतकंच खोक्याचंही नाव घ्यावं लागतं. शेजाऱ्याने ते नाव आणि खाचेची जागा एका कागदावर लिहिली आणि दस्त्याला चिकटवली.

तुम्ही न्यू जर्सीत राहत असाल आणि डिसेंबरात मुलांना घेऊन रानात फिरायला जायचा बेत असेल, तर निघण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर बंदुकीच्या सहा दिवसांच्या तारखा पाहून घ्या. शिकाऱ्यांना झगझगीत नारिंगी कपडे सक्तीचे असतात, तुम्हीही घाला. गणपतीतला फेटा चालणार नाही, तो दुरून तपकिरी दिसू शकतो. आणि हरणंही तपकिरीच असतात.