एका वेळी एकच

आमच्या सोसायटीत कोणी सेकंडहँड गाडी आणली की पेढ्याआधी नाना पोचतात. लेंग्याच्या खिशात हवा मोजायचं मीटर, हातात शंभरपानी वही. नव्या मालकाचं अभिनंदन वगैरे करायचं त्यांना सुचत नाही. ते सरळ गाडीच्या मागे जातात, उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतात.

"एकतीस तेरा," ते जाहीर करतात. म्हणजे हा टायर २०१३ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झाला. "आणि गाडी कितीची म्हणालास?"

"सोळाची, नाना."

"म्हणजे टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी मोठा. हा आला कुठून?"

मालक, या खेपेला सोसायटीतला मंदार, पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभाच असतो.

नाना पिंपरीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांच्यातला इन्स्पेक्टर काही निवृत्त झाला नाही. आमटी खारट झाली तर माणूस फार तर पाणी घालतो. नाना विचारतात, मीठ दोनदा पडलं की मिठाचा चमचा बदलला? यावर नानींनी काढलेला तोडगा असा, की त्या आता चमचा वापरतच नाहीत, चिमटीनं घालतात. चिमूट मोजता येत नाही.

बिघाडावर मत देणारी माणसं सोसायटीत पुष्कळ आहेत. एका काकांच्या मते जगातला प्रत्येक आजार 'अलायमेंट'चा. दुसरे कुठल्याही तक्रारीवर ऑइल बदलायला सांगतात. तिसऱ्यांचा सल्ला ठरलेला, विकून टाक. या तिघांना गाडी बरी व्हायला हवी असते. नानांना ती कशानं बिघडली ते हवं असतं, आणि या दोन गोष्टी एकच आहेत असा मंदारचा समज होता.

मंदारनं घेतलेली गाडी उंच, अंगानं अरुंद, तेरा इंची चाकांची. नाव सांगत नाही, सांगितलं तर अर्ध्या महाराष्ट्राला वाटेल मी त्यांच्याच पार्किंगबद्दल बोलतोय. 'सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली' असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. (महाराष्ट्रात इतक्या गाड्या वापरणारे हे डॉक्टर पेशंट कधी तपासतात कोण जाणे.) गावात गाडी झकास. कोथरूड ते कॅम्प तक्रारीला जागा नाही. पण मंदार आणि त्याची बायको गौरी पहिल्यांदाच मुंबईला निघाले आणि एक्स्प्रेसवेला तळेगावच्या पुढे काटा पंच्याऐंशीवर गेला, तशी गाडी तरंगायला लागली. लेनच्या मधोमध ठेवायची तर स्टिअरिंग सारखं इकडून तिकडे करायचं. ट्रेलर ओलांडताना गाडी एकदम बाजूला सरकायची. कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडताना वाऱ्याचा झोत लागला, तेव्हा गौरीनं खिडकीवरचा हँडल जो धरला तो खालापूरपर्यंत सोडला नाही.

ही गोष्ट नानांच्या कानावर घालण्याइतका मंदार भोळा होता.

"ओढते की तरंगते?" नानांनी वही उघडली.

"म्हणजे?"

"स्टिअरिंग सोडलंस तर एकाच बाजूला जाते का? जात असेल तर ओढते. मग टायर बघायचे, अलाइनमेंट बघायचं, एखादा ब्रेक धरून राहतोय का ते बघायचं. थरथरते का? थरथर हातात येते की बुडाखाली? हातात आली तर पुढची चाकं, बुडाखाली आली तर मागची. की उंचवटा गेल्यावरही वरखाली होत राहते? मग शॉकअप. नक्की काय होतं?"

"सगळंच होतं, नाना."

"सगळंच असं काही नसतं," नाना दुखावल्या आवाजात म्हणाले.

यात नानांचं काही चुकत नव्हतं, हे मी कबूल करतो. छोट्या गाडीचा वेगातला बिघाड ही मोठी लबाड चीज आहे. बॅलन्सिंग बिघडलेल्या चाकाचा हिसका वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चाळिसाला जे जाणवतही नाही ते ऐंशीला चौपट होतं. चाकांची तोंडं एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटर फाकली, तर लक्ष्मी रोडवर त्याची दाद ना फिर्याद. शंभरच्या वेगात मात्र प्रत्येक चाक आपापल्या गावाला निघतं. त्यात छोट्या गाडीचा टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढा, आणि टायर जुना असला तर नक्षी शाबूत दिसूनही रबर आतून कडक झालेलं असतं. नाना म्हणतात, एक्स्प्रेसवे २००२ साली पुरता सुरू होईपर्यंत आपल्याकडच्या छोट्या गाड्यांचे हे दोष कोणाला माहीतच नव्हते. जुन्या घाटरस्त्यावर ट्रकच्या मागे चाळीसनं चालताना सगळ्याच गाड्या सद्गुणी असतात. त्यांची स्वतःची ८०० होती, ७९६ सीसीची, बारा इंची चाकांची. तिच्यात काहीही दोष नव्हता असं ते छातीठोकपणे सांगतात. ती कधी साठच्या वर गेली नाही, हे नानी सांगतात.

नानांचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी त्याच रस्त्यावर त्याच वेगानं चालवायची, मग लिहायचं, मगच पुढची. वहीत रकाने पाडले होते: वेग, वारा, रस्ता, हवा, प्रवासी. वजन बदललं की निकाल बदलतो, म्हणून दर खेपेला तीच माणसं त्याच जागी बसली पाहिजेत. अशा रीतीनं माझी मागच्या सीटवर, डाव्या बाजूला नेमणूक झाली. गौरीला त्यांनी वजन विचारलं. तिनं एक क्षण बाहेर बघितलं आणि म्हणाली, "लिहा पंचावन्न." नानांनी लिहिलं आणि पुढे कंस केला. उतरताना मी वाकून पाहिलं. कंसात 'तोंडी' असं लिहिलं होतं.

पहिली पाळी हवेची. तीही सकाळी, गाडी हलायच्या आत, कारण टायर तापला की आकडा चढतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचा एक स्टिकर असतो, पुढे किती, मागे किती. तो वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मीटर लावलं तर पुढे छत्तीस-छत्तीस, मागे एकात चोवीस आणि दुसऱ्यात एकवीस. पंपावरचा मुलगा विचारतो, "पस्तीस मारू?" आपण मान हलवतो, आणि तो पुढची दोन भरेपर्यंत मागून हॉर्न वाजतो, की झालं. नानांनी चारही टायरांत स्टिकरप्रमाणे हवा केली आणि आम्ही निघालो. उर्से टोल, कामशेत, लोणावळ्याला खाली उतरून परत.

तरंगणं निम्मं झालं होतं. मंदारचा चेहरा खुलला. "नाना, आता हातासरशी अलायमेंट, बॅलन्सिंगपण करून टाकतो. वाटेतच आहे."

"खबरदार," नाना म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाऊस, त्यामुळे 'वारा' आणि 'रस्ता' हे रकाने बिघडले आणि ती फेरी बाद. मग आला दोरीचा रविवार. गॅरेजात संगणकावर अलाइनमेंट होतं हे नानांना मान्य आहे, पण संगणकाला कोणी कॅलिब्रेट केलं या प्रश्नाचं उत्तर गॅरेजवाल्यानं हसून दिलं होतं, तेव्हापासून त्यांचा विश्वास उडाला. पार्किंगमध्ये गाडीच्या चार कोपऱ्यांना वीस लिटरचे पाण्याचे चार कॅन ठेवले. दोन्ही अंगांनी, चाकाच्या मधल्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणली. दोन्ही दोऱ्या पुढे आणि मागे सारख्याच अंतरावर आहेत याची खात्री करण्यात दीड तास गेला. मग नाना फरशीवर आडवे झाले, पोलादी पट्टी रिमच्या पुढच्या कडेला टेकवली, आकडा सांगितला, सरपटत मागच्या कडेला गेले, आकडा सांगितला. डाव्या चाकाची पुढची कड दोरीच्या दिशेला तीन मिलिमीटर जास्त. वॉचमन दोरी ओलांडून आला, दोरी हलली, पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांना गाडी काढायची होती. नाना जमिनीवरून म्हणाले, "पंधरा मिनिटं." सेक्रेटरी रिक्षानं गेले.

दुपारी पाण्याची चाचणी झाली. गेटपाशी बादलीभर पाणी ओतायचं, त्यातून गाडी सरळ पुढे घ्यायची आणि कोरड्या काँक्रीटवर उमटलेले ओले पट्टे बघायचे. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या तुलनेत दोन्ही बाजूंना सारखेच पडले, तर गाडीचा सांगाडा सरळ. एका बाजूला जास्त सरकलेले दिसले, तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे आणि विकणाऱ्यानं नुसता रंग मारलाय. पट्टे सारखे निघाले. सोसायटीतली सगळी पोरं त्यातून सायकली घालून आपापले सांगाडे तपासत होती. डॉक्टरांची अब्रू वाचली. नानांचा चेहरा मात्र जरासा पडल्यासारखा मला वाटला. वाकडी निघाली असती तर कारण तरी एकरकमी मिळालं असतं.

वहीप्रमाणे अजून बाकी होतं: टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, शॉकअप, व्हील बेअरिंग. दर रविवारी एक, पाऊस धरला नाही तर गणपतीपर्यंत सगळं आटोपलं असतं. पण मंदारच्या मेहुणीचा साखरपुडा डोंबिवलीला होता, गणपतीच्या कितीतरी आधी.

मंदारनं मग जे करायचं ते गुपचूप केलं. म्हणजे गाडी संध्याकाळी ऑफिसातूनच परस्पर गॅरेजला नेली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा तिला चार कोरे टायर होते, पुढचे दोन नवे शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, टाय रॉड एंड, आणि वर अलायमेंट, बॅलन्सिंग. बिल तीस हजारांच्या वर. साखरपुड्याला जाऊन आले. येताना गौरी गाडीत झोपली होती, एवढी गाडी सरळ.

नाना लिफ्टपाशी भेटले. मंदारनं सगळं सांगितलं आणि गाडी आता कशी शंभरला रेषेत जाते ते हातानं करून दाखवलं.

नाना बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिले. "पण कशानं?"

"सगळ्यानंच."

नाना जिन्यानं वर गेले.

मी मंदारला दोष देत नाही. ज्याला डोंबिवलीला पोचायचं असतं त्याला प्रयोगशाळा परवडत नाही. गॅरेजवालाही चुकला नाही. त्याला गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन यायला नको असतं, आणि पाच संशयित एकदम काढून टाकले की तक्रार राहत नाही. फक्त त्यातले चार निरपराध असू शकतात, आणि त्यांचेही पैसे आपण भरलेले असतात. माझं विचाराल तर निम्मा रोग हवेनं गेलाच होता, उरलेल्यात मोठा वाटा त्या २०१३ च्या म्हाताऱ्या टायरांचा असावा. हे मी नानांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "असावा?" मी विषय बदलला.

दोन दिवसांनी नानांनी गॅरेजातून जुन्या पार्टचं पोतं आणवलं. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून एकेक वस्तू मांडली. एक शॉकअप उभा धरून दाबला, तो खाली गेला आणि हळूहळू, सारख्या गतीनं वर आला. "हा ठीक." दुसरा वर आलाच नाही. लोअर आर्मच्या बुशात टॉमी घालून ते जोर लावत होते; डाव्या बुशाचं रबर एका बाजूनं फाटून तोंड उघडल्यासारखं दिसत होतं, उजवा घट्ट. म्हणजे दोन तरी गुन्हेगार होते, पण कोणाचा किती हात हे आता कोण सांगणार? नाना उठले, हात पुसले आणि मंदारच्या दारी गेले. मी मागोमाग गेलो, कारण आता काय होणार ते मला दिसत होतं.

"जुने दोन्ही आर्म परत बसवू," नाना म्हणाले. "फक्त आर्म. बाकी सगळं नवंच राहू दे. उर्शापर्यंत जाऊन येऊ. तरंगली तर आर्म, नाही तरंगली तर शॉकअप किंवा टायर. मग पुन्हा नवे बसवू. अलाइनमेंट दोनदा करावं लागेल, तो खर्च माझा."

मंदारला काही सुचेना. आतून गौरी आली. तिला मागचे चार दिवस ताप होता, शाल पांघरलेली होती.

"नाना," ती म्हणाली, "माझा ताप कालच उतरला. तुम्ही म्हणत असाल तर पावसात पुन्हा भिजून येते."

"छे छे, अगं भिजू नकोस," नाना कळवळून म्हणाले. मग त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. "पण गोळी कुठली घेतली होतीस? दोन प्रकारच्या घेतल्या असशील ना?"