पोर सापडली का?

बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेल्या वाचकाच्या काही सवयी म्हातारपणीही सुटत नाहीत. गुन्हा घडला रे घडला की तो संशयितांची हजेरी घ्यायला बसतो. डॉक्टर जरा जास्तच गोड बोलतोय? नजर ठेवा. तिसऱ्या पानावर माळी उगाच डोकावून गेला? रहस्यकथेत उगाच कोण कशाला येईल! बाबूरावांनी हजारावर पुस्तकं लिहिली. पण नायक धनंजय असो की झुंजार, वाचनालयात पुस्तक परत द्यायच्या आत उलगडा करून दिला. आमचा तसा अलिखित करारच होता.

अशा वाचकाच्या हाती जॉन मॅकग्रेगर या इंग्रज लेखकाची ‘रेझर्व्हॉयर १३’ पडली की त्याची पंचाईत होते. कादंबरी २०१७ची, त्या वर्षीचा कोस्टा पुरस्कार मिळालेली. इंग्लंडातलं डोंगरातलं एक गाव. भोवती ओसाड माळ, दगडाच्या खाणी आणि नंबर घातलेले पाणीपुरवठ्याचे तलाव. नववर्षाच्या सुट्टीत आईवडिलांबरोबर आलेली रिबेका नावाची १३ वर्षांची मुलगी माळावरून नाहीशी होते. गावकरी रांग धरून माळ तुडवतात, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालतं, पाणबुडे पाण्यात उतरतात. आमची हजेरी सुरू. शाळेचा रखवालदार जोन्स मला पहिल्यापासूनच बरा वाटला नाही. गावातली चार पोरं तिला आधी भेटलेली, आणि ते घरी कुणालाच सांगत नाहीत. का बरं?

मी पेन्सिल सरसावून बसलो, तर लेखक निघाला मेंढ्यांकडे! मेंढ्या विताहेत, कोल्हीला पिल्लं झालीयत, ग्रामपरिषदेची बैठक भरलीय. उन्हाळ्यात गावकरी लाकडी फळ्यांवर ओली माती थापतात, तीत पाकळ्या, पानं, बिया एकेक करून दाबतात आणि तयार झालेलं चित्र विहिरीपाशी नेऊन मांडतात. ही डार्बीशरकडची जुनी चाल. त्यात पाकळ्या दाबणाऱ्यांमध्येही मी संशयित शोधत होतो, हे सांगायला हरकत नाही. शेजारच्या कार्डवेल गावाबरोबर क्रिकेटचा वार्षिक सामना होतो. प्रकरण संपतं, फटाके उडतात, नवं साल लागतं. एका प्रकरणात एक वर्ष, अशी १३ वर्षं.

आमच्या घरी रोज रात्री चौकशी व्हायची.

“अहो, सापडली का ती पोर?”

“नाही गं. पण खाटकाचं दुकान काही चालायचं नाही असं दिसतंय.”

“आणि पोलीस काय करतायत?”

“अधूनमधून येतात. कॅथीनं आज पुन्हा विल्सनसाहेबांचं दार वाजवलं, नेल्सनला फिरवून आणू का म्हणून.”

“हा नेल्सन कोण आता? त्याच्यावर संशय आहे?”

“कुत्रा आहे तो.”

त्यावर तिनं दिवा मालवला. पण खरं सांगायचं तर तोवर मला रिबेकाइतकीच नेल्सनचीही काळजी लागली होती. वर्षं भराभर चाललेली, कुत्र्याचं वय ते किती!

मॅकग्रेगरनं आपल्याला असं बेमालूम गावकरी करून टाकलंय. गावाला पोर आठवत नाही असं नाही. दारूच्या गुत्त्यात विषय निघतो, कुणाला ती स्वप्नात दिसते, कुणाला रेल्वे फलाटावर दिसल्याचा भास होतो. पण दूध काढायचं थांबत नाही, घटस्फोट थांबत नाहीत, गाभण मेंढी तपासाच्या निकालाची वाट बघत नाही. आपल्याकडे ज्या घरातलं माणूस परागंदा झालं, त्या घराबद्दल गाव असंच बोलतं: आधी रोज, मग सणासुदीला, मग नव्यानं आलेल्या सुनेला माहिती म्हणून.

आणि मग मध्येच रिबेकाचं ते वर्णन येतं. पांढरा टोपीवाला सदरा, गडद निळं जाकीट, काळी जीन्स, कापडी बूट, उंची पाच फूट. पुस्तकात ते पुन्हा पुन्हा येतं. तिच्याबरोबरची गावातली पोरं उंच झाली, शिकायला शहरात गेली, प्रेमात पडून तोंडावर आपटली. हिचे कापडी बूट तेच. तिथं पेन्सिल खाली ठेवावी लागते. एरवी सगळी कादंबरी संथ, संवादांना अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत, कोण बोललं ते आपणच हुडकायचं. काही पानं मलाही जड गेली. बगळ्यांचा तर शेवटी कंटाळा आला. तरी गुन्हा घडल्यावर गावाचं काय होतं हे इतक्या सबुरीनं सांगणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

शेवटचं पान आधी उघडून बघणाऱ्या मंडळींना एकच सांगणं: इथं खुशाल बघा. तिथं गुन्हेगाराचं नाव नाही.