हाफचं हाफ

मिस्सेला मी कायम अर्पणाच्या वेळी पोचतो आणि लग्नाला केक कापून झाल्यावर. त्यामुळे नेब्रास्कातल्या त्या रँचवर आम्ही ठरल्या वेळेच्या पन्नास मिनिटं आधी पोचलो, तेव्हा बायको माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. मग तिने मोबाइल पाहिला. हायवे 2 वर मध्येच टाइम झोनची रेघ लागते आणि पुढे घड्याळ एक तास मागे जातं. आम्ही राहतो त्या ओमाहाच्या घड्याळाने आम्ही दहा मिनिटं उशिराच होतो.

"तरीच," ती म्हणाली.

आम्ही वसईचे. मोठ्याचं खाणारं घर. 2015 साली महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी आली, तेव्हापासून गावी म्हशीचं खातात आणि फोनवर मला विचारतात, "तुमच्याकडे कसं मिळतं रे?" आमच्याकडे थर्माकोलच्या तबकडीत, प्लास्टिकखाली, कॉलेजच्या आयकार्डावरच्या फोटोसारखं मिळतं. ऑफिसातल्या एकाने डोक्यात भरवलं की शहाणी माणसं थेट रँचरकडून वाटा घेतात. वाटा म्हणजे खरोखरच वाटा. जनावर उभं असतानाच तुम्ही त्याचे भागीदार होता. मग ते गावातल्या ‘लॉकर’वर, म्हणजे खाटकाकडे जातं, दहा-चौदा दिवस थंड खोलीत टांगून मुरतं आणि तुमच्या मर्जीप्रमाणे कापून मिळतं. पाव वाटा पुरे, असं घरात ठरलं. त्या हिशेबाने मी साडेतीन घनफुटांचा फ्रीजर आणला. एका घनफुटात पस्तीस-चाळीस पौंड बसतं. हे गणित माझं होतं आणि ते बरोबर होतं, एवढं नोंदवून ठेवतो.

वाटेत काय पाहिलं? सँडहिल्स. वाळूच्या टेकड्या, अंगावर गवत, पन्नास हजार चौरस किलोमीटर. या राज्यात माणसांच्या साधारण तिप्पट गुरं आहेत, आणि शेवटचा तासभर आम्हाला भेटली ती सगळी गुरंच.

रँचर सत्तरीचा. त्याने खिशातून एक छोटी, घामाने वाकलेली वही काढली, अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं आणि माझ्यापुढे धरली. हाफ. 387 पौंड.

खोंड साडेबाराशे पौंडांचा होता. मुंडकं, कातडं, आतडी काढून टांगल्यावर त्यातलं साधारण बासष्ट टक्के उरतं, आणि पैसे त्या टांगलेल्या वजनावर. म्हणजे हे 387 पौंड अर्ध्या जनावराचे होते.

"मी पाव सांगितला होता," मी म्हणालो. मराठीत. बायकोला.

"मग त्याला सांग."

सांगितलं. फोनवर मी ‘हाफ ऑफ अ हाफ’ म्हणालो होतो, हेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "वारा फार होता," तो म्हणाला. "पण तुम्ही हाफ म्हणालात. तेही दोनदा. म्हणून मी पक्कं धरलं."

सरळ ‘क्वार्टर’ का म्हणालो नाही? कारण हा शब्द माझ्या तोंडून आजवर एकाच प्रकारच्या दुकानात निघाला आहे, आणि फोन केला तेव्हा वसईहून आलेल्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या.

चेकबुक काढायच्या आत म्हातारा आम्हाला पवनचक्की दाखवायला घेऊन गेला. कर्र कर्र करत ती गोल टाकीत पाणी सोडत होती. नळीतून एक धार, मग काहीच नाही, मग परत एक धार. इथे पाणी फार खोल नाही, असं म्हणून त्याने बुटाची टाच जमिनीवर दोनदा आपटली. आमचे पप्पा अशीच टाच आपटायचे, केळीच्या वाडीत, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर. रहाट गेला, पंप आला, तरी आपटायचे. ती वाडी आम्ही तिघा भावांनी विकली. बावखलावर आता सोसायटीचं पार्किंग आहे.

"तुमच्याकडे शेती आहे?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. मग मी अर्ध्या जनावराचा चेक लिहून दिला.

लॉकरवर ट्रॉलीवरून सहा खोकी आली. अडीचशे पौंड, म्हणजे 113 किलो, पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं. दोन आठवड्यांपूर्वी तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं होतं: स्टेक एक इंच की पाऊण? एका पुडीत किती? काळीज, दिल, शेपूट, जीभ हवी? केटररसमोर नवरीमुलीचा बाप करतो तसं मी सगळ्याला हो म्हणालो होतो. जीभ जनावराला एकच असते. दुसऱ्या अर्ध्याच्या मालकाने नको म्हटल्यामुळे ती आमच्याकडे आली.

प्रत्येक पुडीवर शिक्का होता: ‘नॉट फॉर सेल’. निम्मं ओमाहात ओळखीपाळखीत विकून टाकू, हा माझा बेत मी बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांचा चेहरा बदलला. चालणार नाही. कायद्याने हे फक्त मालकाने, त्याच्या घरच्यांनी, नोकरांनी आणि त्याच्या पैसे न देणाऱ्या पाहुण्यांनी खायचं. जगात दुसरा कुठला कायदा आमच्या नातेवाइकांना इतका ओळखून असेल असं वाटत नाही.

तीन खोकी डिकीत, दोन मागच्या सीटवर, त्यांच्याशेजारी अंग चोरून बायको. सहावं पुढे, माझ्या बाजूला. गाडी सुरू केली तर टुंग टुंग वाजायला लागली. ती थांबेना. शेवटी खोक्याला पट्टा लावला तेव्हा गप्प झाली. ऑक्टोबर महिना, एसी शेवटच्या काट्यावर, साडेपाच तास. मागे फक्त गोधडी दिसत होती.

"माझा पट्टा कोणी पाहिला होता का?" गोधडी म्हणाली.

येताना टाइम झोनची रेघ परत लागली आणि तिने दिलेला तास काढून घेतला. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. तीन खोक्यांत फ्रीजर भरला. उरलेली तीन खोकी बर्फाच्या पेट्यांत घालून बाल्कनीत ठेवली. बायको पैसे न देणाऱ्या पाहुण्यांची यादी करायला बसली. पहिलं नाव ऑफिसातल्या त्या शहाण्याचं.

सासूबाई जाग्या होत्या. मीठ लावून ठेवायला म्हणून त्यांनी जीभ मागून घेतली. मग एकेक खोकं उघडून, पुड्या खालीवर करून, बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

"एवढं आणलंत," त्या म्हणाल्या, "आणि जीभ एकच?"