रौप्यपदकाला लागलेला राक्षस

नातीने कपाटातून उपसून काढलेली काळी चकती म्हणजे माझं आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेतलं रौप्यपदक आहे, हे तिला पटेना. ‘चांदी पांढरी असते. हे सडलंय,’ असा निकाल तिने दिला. वय वर्षं पाच.

‘अगं, महागाच्या वस्तू अशा सडत नसतात.’

‘मग हापूस?’ गेल्या मोसमात वरून देखण्या आंब्यात साका निघाला होता, ते बाईसाहेबांच्या पक्कं लक्षात.

मग मी हवेतला गंधकाचा राक्षस उभा केला. तो चांदीला चिकटतो आणि वर सिल्व्हर सल्फाइडचं काळं पांघरूण घालतो.

‘सोन्याला का नाही चिकटत?’

सोन्याचं गंधकाशी सहसा जमत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण जीभ रेटेना. कारण त्या वर्षीचं सुवर्णपदक! विषय होता ‘विज्ञान : शाप की वरदान’. मी हिरोशिमापासून पेनिसिलिनपर्यंत सगळं आणलं होतं, आवाज तीनदा चढवला होता, दोनदा कापरा केला होता. सुवर्ण गेलं ते मंचावर रडलेल्या एका मुलीला. परीक्षकांपैकी एकजण तर माझ्या वेळी चहा पीत होते. बशीत ओतून. हे सगळं मी नातीला सविस्तर ऐकवलं. तिने मध्येच जाऊन पाणी पिऊन घेतलं.

पदकावर सर्वांत काळा पट्टा होता तो रबर बँडखाली. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात. आणि तो बँड मीच, पदक जपून राहावं म्हणून, दुहेरी गुंडाळलेला.

या जपण्याचा आता संताप येतो. आईची पैठणी ‘चांगल्या प्रसंगा’ची वाट बघत एकाच घडीवर राहिली आणि त्या घडीवरच जर तुटली. आई गेली तेव्हा ती जेमतेम चारदा नेसलेली असेल. घरातलं चांदीचं ताटही कुणी मोठं माणूस येईल म्हणून कापडात काळवंडतंय. नातीची उष्टावणाची वाटी मात्र रोज वरणभाताला लागते, घासली जाते, म्हणून लखलखीत.

शेवटी पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा, कढत पाणी, आणि त्यात फॉइलला टेकवून पदक. गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे निघाला आणि घरभर कुजक्या अंड्याचा वास सुटला.

नातीने नाक दाबलं. ‘ईऽऽ! आजोबा, तुझं भाषण सडलं होतं!’