दरड कोसळेपर्यंत भोळे

खालापूर-कर्जतचे ठाकर आणि कातकरी खोपोलीच्या बाजारात हरघडी दिसतात, तरी आदिवासी कसा ओळखावा हे आपल्याला पडदाच शिकवतो. हिंदी सिनेमाने त्याला पानांचा झगा, भाला आणि शेकोटी दिली. बातम्यांनी कपडे तेवढे बदलले. 19 जुलै 2023 च्या रात्री ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबला. मुख्यमंत्री वाडीवर पायी गेले, तर त्या चढणीची बातमी झाली. रस्ताच नाही म्हणून तीच चढण डोक्यावर बाजार घेऊन पिढ्यानपिढ्या चढणारे मात्र ‘भोळे’ आणि ‘मुख्य प्रवाहापासून दूर’!

आता कोणी म्हणेल, बातमी संकटाचीच होणार. दरडीच्या दिवशी कॅमेऱ्याने काय भातलावणी दाखवायची? मान्य. पण बोरघाटात मोटारी आपटतात तेव्हा मोटारवाल्यांची जमात ‘भोळी’ ठरत नाही, कारण हेच लोक उरलेल्या वेळात पडद्यावर लग्ने लावतात, निवडणुका लढवतात आणि आपल्याला विमा विकतात. ठाकराला दुसरा प्रसंगच मिळत नाही. मिळालाच तर 9 ऑगस्टला, आदिवासी दिनी, नाचताना. बातमी खरी असते, फक्त तेवढीच एक असते. 1930 च्या चिरनेर जंगल सत्याग्रहातला हुतात्मा नाग्या महादू कातकरी खालापूर-कर्जतच्याच जिल्ह्यातला. त्याच्यावर रोजची मालिका काढायला निघालात, तर वाहिनीवाले पहिल्याच बैठकीत विचारतील, यात शेकोटी कितव्या भागात आहे?