आजपुरते

त्यांचं खरं आडनाव मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मंडळींत आडनाव लावायची पद्धत नाही, आणि ती माझ्या हातून मोडायला नको. कॉलनीत त्यांना आजपुरते म्हणतात. सातपुते, विसपुते, तसे आजपुरते. नव्या भाडेकरूंना ते खरंच आडनाव वाटतं. एका वर्षी गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा ‘श्री. आजपुरते’ या नावाने फाटली आणि त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

त्याचं कारण असं, की “दारू सोडलीत म्हणे?” या प्रश्नाला त्यांचं उत्तर गेली चौदा वर्षं एकच आहे: “आजपुरती.” उद्याचं विचारलं तर म्हणतात, “उद्याचं उद्या सकाळी विचारा, मी दूध आणायला खाली येतोच.” चौदा वर्षं हा हिशेबही त्यांना फारसा रुचत नाही. परवा माझ्यासमोर त्यांनी एका गृहस्थांना ५,११३ दिवस असा आकडा सांगितला. गृहस्थ बँकेतले होते, त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि बरोबर आहे म्हणून मान डोलावली.

मूळचे कराडकडचे. भोसरीत फिटर होते. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीच्या गेटसमोर नाइन्टी, बसस्टॉपजवळ नाइन्टी आणि घराच्या कोपऱ्यावर ‘मघाची उतरली’ म्हणून क्वार्टर, असा प्रवास होता. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसतं. आजपुरत्यांनी मात्र एका उत्साहाच्या भरात आजन्म परवाना काढून ठेवला होता. तो अजून त्यांच्या पाकिटात आहे, लॅमिनेट केलेला. आरोग्य राखण्यासाठी दारू हवी, असं त्या परवान्याचं म्हणणं. ते तो नव्या माणसाला दाखवतात. “सरकारनं मरेपर्यंत परवानगी दिलीय. सरकारचं मन कशाला मोडा? मी फक्त आजपुरती नको म्हणतो.”

येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, मग मीटिंगा धरल्या, आणि आता दुसऱ्यांना धरतात. मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. लं.च्या देणगीचा त्याला आधार होता. तिथेही सुटलेली माणसं नव्याने आलेल्यांना सांभाळायला उभी असतात. आजपुरत्यांच्या या कामाला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव आहे आणि हल्ली त्याची प्रशिक्षणंही निघाली आहेत. ते स्वतःला ‘आधी पडलेला’ म्हणवतात. “खड्डा कुठं आहे हे इंजिनियरला नकाशात दिसतं. मला ढोपरात कळतं.”

माझी त्यांची गाठ पडली ती मेहुण्यामुळे. बायकोचा धाकटा भाऊ आमच्याकडे ‘हवापालटासाठी’ राहायला आला होता. हवा पालटली, बाकी सगळं तसंच राहिलं. शेवटी आजपुरत्यांना बोलावलं. मला वाटलं, उपदेश होईल, रडारड होईल, देवाची शपथ वगैरे. ते आले, मेहुण्याकडे पाहून म्हणाले, “पाव्हणं, जेवला का?” तो नाही म्हणाला. “मग आधी खाऊन घ्या. उपाशी माणसाशी मी बोलत नाही, त्याचं पोट मधे मधे बोलतं.” मग हात धुवायला आत गेले आणि येताना संडासाच्या फ्लश टाकीतली क्वार्टर घेऊन आले.

“तुम्हाला कसं कळलं?” मी थक्क होऊन विचारलं.

“झाकण अंमळ तिरकं होतं.” फिटरची नजर. “गव्हाचं पिंप बघू नका, ते रिकामं असणार. तिथं बायका हात घालतात. कूलर बघा. स्कूटरची डिकी बघा. घरात पेटी असली तर भात्यात बघा.” आमच्याकडे पेटी नव्हती म्हणून त्यांना जरा वाईटच वाटलं. बाटली मात्र त्यांनी ओतून टाकली नाही. मेहुण्यासमोर टेबलावर ठेवली. “ही तुमची. काय करायचं तुम्ही बघा. मी हिसकावली तर तुम्ही दुसरी आणाल, आणि वर माझ्यावर रागही धराल. दोन खर्च कशाला?”

मेहुणा सुटला का, ते पुढे येईल. पण त्या दिवशी त्याने तोंड उघडलं. आम्ही सहा महिने जे विचारत होतो ते त्याने या परक्या माणसाला, वरणभात कालवता कालवता, सांगून टाकलं. मी मध्ये दोन शहाणपणाचे शब्द घालायला गेलो, तेव्हा आजपुरत्यांनी विचारलं, “सर, तुम्ही कधी?”

“नाही, कधीच नाही.”

“बियरसुद्धा?”

“अहो, नाही.”

“असू दे, असू दे,” ते इतक्या मायेने म्हणाले, की दहावीला बसायचं राहून गेलेल्या माणसासारखं मला वाटलं. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी चांगला माणूस आहे, पण या विषयात नापास.

या धंद्याचा मूळपुरुष म्हणून ते बिलची गोष्ट सांगतात. बिल त्यांच्या तोंडी असा येतो जणू मागच्या गल्लीत राहतो. साल १९३५, अमेरिकेतलं अॅक्रन. “टायरांचं गाव. आपलं चिंचवड समजा.” हा बिल न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामाला आलेला. सोडून पाच-सहा महिने झालेले. काम फिसकटलं, खिसा हलका, हॉटेलात एकटा. लॉबीच्या एका अंगाला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या अंगाला टेलिफोन. “आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मी तर बारमधूनच टेलिफोन केला असता.” बिलने फोन उचलला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला, की मला या गावातला एक दारुडा गाठून द्या. त्याला गाठून दिला तो निघाला सर्जन. डॉक्टर बॉब. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही म्हणून आलेला हा डॉक्टर सहा तास बसला. पुढे तोही एकदा घसरला, आणि १० जूनला त्याने शेवटची घेतली. तोच अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापनादिन.

“कळलं का सर?” गोष्ट संपली की ते डोळा बारीक करतात. “बिल बॉबला वाचवायला गेलाच नव्हता. स्वतःला वाचवायला गेला होता. मी पण काय समाजसेवा करत नाही. तुमचा मेहुणा माझं औषध आहे.” मेहुण्याला हे औषधपण फारसं आवडलं नव्हतं.

त्यांच्या मीटिंगला मी एकदा गेलो. खुल्या मीटिंगला नापासांनाही येऊ देतात. संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात भरते. पहिलीची बाकं. दोन-दोन मुलांचे बाप असलेले पुरुष गुडघे हनुवटीला लावून बसलेले, भिंतीवर ‘अ अननसाचा’, आणि त्याखाली एक जण आपण बायकोचं मंगळसूत्र कसं विकलं ते शांतपणे सांगतोय. कोणी च्‌ च्‌ करत नाही. उलट एका ठिकाणी सगळे हसले. मी दचकलो, सांगणाराही हसला. मग चहा. त्या चहात साखर किती असते ते मोजायला कारखान्याचा वजनकाटा लागेल. फी नाही, पावती नाही, एक डबा फिरतो त्यात ज्याला जे टाकायचं ते.

घरी त्यांची दक्षता वेगळ्या पातळीवरची. खोकल्याच्या औषधाचं लेबल वाचल्याशिवाय घोट नाही. नाताळचा केक हुंगून खातात. सुनेच्या बाळंतपणात वैद्यांनी अरिष्ट दिलं, तर त्यांनी आसव-अरिष्टांत अल्कोहोल आपोआप तयार होतं हे तिला इतकं समजावलं, की ती बिचारी चमचा तोंडाला लावताना दाराकडे बघायची. वहिनींना विचारलं तर त्या सुपातले खडे निवडता निवडता एका वाक्यात चौदा वर्षं सांगतात: “आधी बाटली घरी आणायचे, आता बाटलीवाले आणतात.” पण बाटलीवाला आला की पोळ्या त्याच लाटतात.

या मंडळींच्या बारा पायऱ्यांत एक पायरी आहे, ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांची भरपाई करण्याची. कोणाला त्याने आणखी इजा होणार नसेल तरच, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आजपुरत्यांनी ही पायरी फिटरच्या शिस्तीने चढली. गुत्तेवाल्याची जुनी उधारी दिली, कॅन्टीनचा स्टीलचा ग्लास परत केला. मग एका जुन्या शेजाऱ्याकडे जाऊन म्हणाले, तुमची सायकल मी विकली होती, हे घ्या पैसे. शेजारी लाल झाला. त्याने त्या सायकलीपायी सख्ख्या साडूशी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. आता साडूची माफी त्याला मागावी लागणार होती, आणि त्यासाठी तो आजपुरत्यांना आयुष्यात क्षमा करणार नव्हता. “पायरीवर पाय घसरतो तो असा,” ते म्हणतात.

त्यांचा हंगाम आषाढातला. गटारी जवळ आली की फोन उशाशी. सगळं शहर एका रात्रीत महिन्याचं पिऊन घेतं, आणि त्यांनी धरलेली पोरं घरात दारं लावून बसतात. खरा राग मात्र त्यांचा श्रावण पाळणाऱ्यांवर. “महिनाभर शिवत नाही, मला काय व्यसन आहे होय? असं म्हणतात. अरे, गणपतीचं विसर्जन होईस्तोवर तू बोटांवर दिवस मोजतोयस. मी पण दिवस मोजतो, पण उलटे.”

एक गोष्ट मात्र ते थट्टेत घेत नाहीत. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली आणि हात थरथरायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली, की एक शब्द न बोलता रिक्षा बोलावतात आणि दवाखाना. “मी गाडी ढकलणारा. इंजिन उघडायचं ते डॉक्टरनं.” त्यांच्या मोबाइलच्या पाठीवर १४४१६ लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. २०२२च्या ऑक्टोबरात सरकारने सुरू केलेली टेलि-मानसची फुकट लाइन. तो कागद एका मुलामुळे आला. आई घेऊन आली होती. मुलगा पीत नव्हता, ओढत नव्हता, नुसता सकाळी अंथरुणातून उठत नव्हता. आजपुरत्यांनी सवयीने कूलर पाहिला, टाकी पाहिली. काही नाही. मग त्यांना काय बोलावं सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा ते एक तास गप्प बसले, त्याच्या पलंगाच्या कडेला. “त्याचा खड्डा मला म्हाईत नव्हता,” मला म्हणाले. लाइनवर फोन लावून दिला, डॉक्टरकडे सोबत गेले, आणि नंतर कित्येक मंगळवार नुसतेच जाऊन बसले. तो मुलगा आता मंगळवारी त्यांना बुद्धिबळात हरवतो.

मेहुणा दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी आम्ही हात टेकले होते. आजपुरत्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. “पहिल्या दिवसाचा. मागचा आकडा विसरा, नवा मोजा.” यंदा त्याने श्रावण, गणपती, दिवाळी काढली. वेगळी खोली घेतली. तरी कुरकुरायचाच: हा म्हातारा रोज नऊ वाजता फोन करून जेवलास का विचारतो, सासूने सुद्धा इतकं विचारलं नसतं.

गेल्या महिन्यात रात्री अकराला आमची बेल वाजली. दारात आजपुरते. त्यांनी सहा वर्षं सांभाळलेला एक जण, भोसरीतलाच, पुन्हा लागला होता आणि त्या दुपारी गेला. ते स्मशानातून थेट आले होते. वहिनी गावी गेलेल्या. मी चहा केला, भरपूर साखर घालून. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत, असं काहीतरी म्हणालो. ते माझ्याकडे त्याच मायेने बघत होते. मग कोपऱ्यावरच्या वाइन शॉपचं शटर ओढल्याचा आवाज आला. दोघांनीही ऐकला.

“सर,” ते म्हणाले, “पाव्हण्यांना फोन लावा.”

मेहुणा वीस मिनिटांत आला. शर्ट उलटा घातलेला, हेल्मेट तसंच डोक्यावर. त्याने काही विचारपूस केली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या शेजारी सोफ्यावर टेकला.

“काका, जेवला का?”

आजपुरत्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मेहुणा उठला आणि हेल्मेटसकट स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायला लागला.