जिन्यावरची पदवी

पुण्यात संस्कृत शिकणारी मुलगी एका सत्रासाठी जर्मनीला निघाली आहे, आणि तिथे जाऊनही संस्कृतच शिकणार आहे, हे कळल्यावर आमच्या घरात दोन तट पडले. काका म्हणाले, "म्हणजे रत्नागिरीच्या माणसाने आंबे आणायला नॉर्वेला जायचं!" आत्याला मात्र बेत पसंत पडला, कारण फी नव्हती. मी जाणार होते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो मोजावे लागतात, पण विद्यापीठांच्या आपसातल्या करारावर आलेल्यांना ते माफ असतात. फुकट आहे म्हटल्यावर आत्याने मला मोडी शिकायलाही जर्मनीला धाडलं असतं.

काकांसाठी मी रूडॉल्फ फोन रोट यांना पुढे केलं. हे ट्यूबिंगेनचे, म्हणजे मी निघाले होते त्याच विद्यापीठाचे, प्राध्यापक. ओटो ब्योटलिंक आणि त्यांनी मिळून केलेला संस्कृत-जर्मन कोश 1855 ते 1875 या काळात सेंट पीटर्सबर्गहून सात खंडांत निघाला. काकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "त्यांना वीस वर्षं लागली. तू सहा महिन्यांत काय दिवे लावणार?"

ट्यूबिंगेन हे नेकार नदीकाठचं टुमदार गाव. वस्ती 90 हजारांच्या आसपास आणि त्यात पंचवीस हजारांहून जास्त विद्यार्थी, त्यामुळे रस्त्यात ज्याला धक्का लागेल तो प्रबंध तरी लिहीत असतो नाहीतर लिहायचा टाळत असतो. विद्यापीठ 1477 साली एबरहार्ट नावाच्या दाढीवाल्या सरदाराने काढलं. हा गृहस्थ जेरुसलेमची यात्रा करून आलेला, म्हणून विद्यापीठाच्या चिन्हात ताडाचं झाड आहे. बाहेर बर्फ पडत असताना कागदावर ताड बघून मला फार बरं वाटायचं.

पण सरदारसाहेब विद्यापीठ काढून थांबले नाहीत. 1492 साली त्यांनी श्टुटगार्ट शहरासाठी कायदा केला, त्यात प्रत्येकाने दर आठवड्याला आपली घाण गावाबाहेर नेऊन टाकावी असं कलम घातलं. इथल्या श्वाबेन प्रांतातल्या लोकांनी विद्या आणि झाडू हे दोन्ही वारसे सारख्याच निष्ठेने जपले आहेत. दुसऱ्या वारशाला म्हणतात केरवोखे. बिऱ्हाडागणिक पाळी लावलेली असते. एका सोमवारी दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकलेली दिसली, म्हणजे या आठवड्यात जिना तुमचा. शनिवारपर्यंत झाडून, पुसून पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवली की सुटका. मोठी पाळी आली तर तळघर आणि समोरची फरसबंदीही तुमचीच, आणि बर्फ पडला तर फावडंही.

माझ्या फ्लॅटमधली इटालियन मुलगी पाटी दिसली की रोमला मावशीकडे जायची. तिला इतक्या मावश्या होत्या, की मला इटलीच्या लोकसंख्येची काळजी वाटू लागली. त्यामुळे जिना माझ्या वाट्याला यायचा, आणि त्याच्या परीक्षक होत्या तळमजल्यावरच्या आजीबाई.

आजीबाई पायऱ्या बघत नसत, पायऱ्यांचे कोपरे बघत. चष्मा नाकावर ओढून, कठड्याच्या गजांमधून बोट फिरवून त्या ते बोट उजेडात धरत. मग आमच्या दारातलं पायपुसणं दोन चिमटींत उचलून विचारत, "हे उचलून खाली झाडलं होतंत का तुम्ही?" आवाज अगदी मऊ. आमच्याकडे तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक असं मऊ बोलायला लागले, की मुलं घाम पुसतात.

विद्यापीठात त्या मानाने सगळं आरामात होतं. वक्तशीर म्हणून जगभर दरारा असलेल्या या देशात दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, आणि ही पंधरा मिनिटं वेळापत्रकात अधिकृतपणे मान्य असतात. पुण्याहून आलेल्या मुलीला याहून मोठं स्वागत काय हवं? तास संपला, की मुलं बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. पहिल्यांदा ते ऐकून मला वाटलं, प्राध्यापकांना घालवून देताहेत. ते मात्र प्रसन्न हसत होते. ती दाद होती.

ऋग्वेदाच्या वर्गात मी एक सूक्त न बघता धडाधड म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टकटक केली. मग समोरच्या मुलाने अतिशय नम्रपणे दुसऱ्या ऋचेतल्या एका क्रियापदावर स्वर का आहे, असं विचारलं. मला सूक्त तोंडपाठ होतं; त्याला ते येत होतं.

गुणांचा हिशेब तिथे उलटा. एक म्हणजे उत्तम, चारापर्यंत पास, पाच म्हणजे नापास. निकालाच्या दिवशी मी आईला फोनवर आनंदाने सांगितलं, "एक पूर्णांक तीन मिळाले!"

"कितीपैकी?"

"पाच."

पलीकडे बराच वेळ फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आई हळूच म्हणाली, "बाबांना आत्ता काही बोलू नकोस."

गावात तत्त्वज्ञांचीही वानवा नाही. 1790 च्या सुमारास इथल्या धर्मशास्त्राच्या वसतिगृहात हेगेल, शेलिंग आणि कवी ह्योल्डरलिन एकाच खोलीत राहत. तिघांवर ग्रंथालयं भरतील एवढं लिहून झालं आहे, पण माझा प्रश्न एकच होता: खोली झाडायचं कोण? हेगेलची पुस्तकं उघडून बघितल्यावर एवढी खात्री पटली, की तो तरी नसावा.

सत्राचे पूर्ण 30 क्रेडिट असतात, एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचं काम धरतात. जिन्याला शून्य. तरी शेवटच्या शनिवारी मी पायपुसणं स्वतःहून उचलून आजीबाईंसमोर धरलं. त्यांनी बोट फिरवलं, उजेडात धरलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोपऱ्यांवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही शिकता तरी काय इथे?"

"संस्कृत."

"त्यात नोकरी मिळते?"

काकांना ही बाई फार आवडली असती. मी म्हटलं, "अवघड असतं."

आजीबाईंनी वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा जिना न्याहाळला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. जिना चांगला झाडता. उपाशी नाही राहणार."